दगडोबा आप्पांचा विटाळ

निमोण्याच्या दगडोबा आप्पांनी ज्या सकाळी जाहीर केलं की आपल्याला कावळा शिवलाय, त्या सकाळी त्यांची सून शितल भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. आमच्याकडं बाईमाणूस महिन्याचं बाजूला बसलं की कावळा शिवला म्हणायची रीत. आप्पांचं वय सत्तरीच्या पलीकडं, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि अंगानं ते गावातल्या कुठल्याही पुरुषाइतकेच पुरुष.

आप्पांनी काखेत घोंगडी घेतली, हातात तांब्या घेतला आणि ते परड्यातल्या छपरात जाऊन बसले. त्यांच्या आईच्या काळात घरातल्या बाया त्या चार दिवसांत तिथंच बसायच्या. नंतर तिथं शेळ्या आल्या, शेळ्यांनंतर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आली. आप्पांनी भेंडोळी सरकवली आणि मांडी घातली.

"धुरपदे, माझं ताट लांबून सरकव. चूल, देव्हारा, पाण्याची घागर, कशाला म्हणून मी शिवायचा न्हाई."

धुरपदाबाईंनी कमरेवर हात ठेवले. चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी या माणसाशी संसार केला होता, त्यामुळं त्या चटकन घाबरत नसत.

"झालं काय पण?"

"नवनाथला शिवी दिली."

"कवा? त्यो तर काल दारावरनं गेला. तुम्ही त्याला रामराम घातला की."

"तोंडानं रामराम घातला. शिवी आत दिली. आतली लई वंगाळ असती."

नवनाथ म्हणजे गावचा सरपंच. त्याला आत शिवी देणारी माणसं मोजायला बसलं तर गावात बाहेर बसायला छपरं पुरणार नाहीत. पण बाकीच्यांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं, आप्पांनी वाचलं होतं.

पुस्तक त्यांना शिरूरच्या बाजारात मिळालं. फवारणीचं औषध आणायला गेले होते. रद्दीवाल्या फकीरभाईच्या दुकानापुढं चहा पिता पिता गठ्ठ्यातून एक कोपरा डोकावताना दिसला. पुढची पानं गेलेली, मागची वाळवीनं नेलेली. लिहिणाऱ्याचं नाव पुढच्या पानांबरोबर गेलं होतं आणि ते बरंच झालं, कारण नाव नसलं की लिहिणाऱ्याचा धाक वाटत नाही. आत शास्त्रातले जुने नियम आणि खाली मराठीत अर्थ. कुठलं भांडं कशानं शुद्ध होतं, कुणाला शिवल्यावर अंघोळ करावी, कुणाच्या मरणाचं सुतक किती पाळावं.

खरं सांगायचं तर आप्पांनी ते घरी आणलं ते जाळायला. असल्या नियमांनी माणसांना कुठं कुठं बसवलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शाळेत त्यांच्या पुढं बसणारा सवंगडी गावच्या आडावर ओंजळ करून उभा राहायचा आणि वरून कुणी पाणी ओतलं तरच प्यायचा. आप्पांनी स्वतः ओतलं होतं, आणि आपण पुण्य करतोय असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. म्हणून जाळायचंच ठरलं. पण काडेपेटी सापडेपर्यंत एक पान वाचून झालं, मग दुसरं, आणि दिवेलागणीला आप्पा चुलीपुढं बसून म्हणाले, "नियम बरोबर हायती. पत्ता चुकलाय."

"कुणाचा पत्ता?" शितलनं विचारलं. ती रांजणगावला कंपनीत जाते, तिला पत्त्याबित्त्याचं कळतं.

"विटाळाचा. ह्यांनी त्यो बाईच्या अंगात धुंडाळला, गरिबाच्या सावलीत धुंडाळला. त्यो तिथं नव्हताच. त्यो हितं." आप्पांनी छातीवर बोट ठेवलं.

"बरं झालं सापडला," धुरपदाबाई म्हणाल्या. "आता जेवा."

त्या दिवसापासून आप्पा पुस्तक उलटं वाचू लागले, बाहेरचं आत. उष्टं खाऊ नये असं लिहिलं होतं. आप्पांनी अर्थ लावला, मोबाइलवर आलेला निरोप पुढं ढकलू नये, तो साऱ्या तालुक्यानं चावून आपल्या ताटात टाकलेला असतो. विटाळलेली धातूची भांडी घासून शुद्ध होतात, मातीचं मडकं मात्र टाकूनच द्यावं लागतं. आप्पांनी गावातली माणसं भांड्यांत वाटून टाकली. कोण पितळ, कोण लोखंड. नवनाथ सरपंच मडकं निघाला.

"आन् तुम्ही?" धुरपदाबाईंनी विचारलं.

आप्पांनी विचार केला. "मी तांबं. तांब्याला आंबट लागतं. राखेनं भागत न्हाई."

"मग?"

"मग म्हणून देवानं मला तू दिली. चिंच."

यावर बाई हसल्या नाहीत, पण त्या दिवशी आमटीत गूळ जरा जास्त पडला.

एकदा आप्पांनी वाचून दाखवलं की बाजारात विकायला मांडलेला माल नेहमी शुद्ध असतो, त्याला कुणाच्याही हाताचा विटाळ नाही. धुरपदाबाई शेवंतीची फुलं पाटीत भरत होत्या. त्या थांबल्या.

"म्हंजी घरात असलं की विटाळ आन् बाजारात गेलं की पवित्र?"

"तसंच लिवलंय."

"येपाऱ्यानं लिवलंय का हे पुस्तक?"

आप्पांनी पुढचं पान उलटलं.

तर असे आप्पा छपरात बसू लागले. राग आला की बसायचे. हेवा वाटला की बसायचे. शेजाऱ्याच्या झेंडूला बाजार जास्त लागला म्हणून पोटात दुखलं, बसले. गावात पोरं विचारायची, "आप्पा दिसत न्हाईत, कावळा शिवला व्हय?" आप्पांना त्याची लाज नव्हती. छपरात बसलं की समोर परडं, परड्यापलीकडं फुलांचं रान, रानापलीकडं घोड नदीच्या बाजूची बाभळीची काळसर रेघ. तिथं बसून ते रागाकडं बघायचे. राग आधी मोठ्या तोंडानं बोलायचा, मग तेच तेच बोलायचा, मग त्याचा घसा बसायचा. उन्हं छपराच्या या मेढीवरून त्या मेढीवर जायची आणि आप्पांना वाटायचं, आपल्या आत कुणीतरी सडा घालून गेलंय. खोटं कशाला बोला, सुख वाटायचं त्यांना. चहा तिथंच यायचा, जेवण तिथंच यायचं.

एक दिवस चहा आला नाही. आप्पांनी खोकून पाहिलं. धुरपदाबाई खुरपं घेऊन समोरून चालल्या होत्या.

"च्या?"

"अवं, मी ह्या छपरात पंचवीस-तीस वर्षं बसली," त्या उभ्या उभ्या म्हणाल्या. "मला कुणी च्या दिला न्हाई. रातच्याला हितं झोपायचं आन् दिवसा कांदं काढायचं. उंबऱ्याच्या आत विटाळ. कांद्याला विटाळ न्हवता, खुरपणीला न्हवता, शेण भरायला न्हवता. तुमची आई म्हणायची, घरात तर काम न्हाई, मग जा रानात. हे तुमच्या पुस्तकात हाय का कुठं?"

आप्पांनी सगळं पुस्तक आठवून पाहिलं. नव्हतं.

"मग लिवा," म्हणाल्या आणि गेल्या.

इथवर ही घरातली गंमत होती. चैत्रात भैरवनाथाची जत्रा आली आणि गंमत अंगाशी आली.

जत्रेच्या सकाळी देवाला घोड नदीच्या पाण्यानं अंघोळ घालायचा मान आप्पांच्या घराकडं. थोरल्यानं घालायची, धाकट्यानं तांब्याच्या घागरीतून पाणी आणून द्यायचं. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. साऱ्या वर्षात आप्पा एवढ्या एका सकाळसाठी नवं धोतर घेत. त्या सकाळी देवाच्या दगडावरचा शेंदूर ओला होऊन त्यांच्या बोटांना लागे, आणि तो लाल रंग ते दिवसभर धुवत नसत. आयुष्यात त्यांना दुसरा कुठला मान मिळाला नव्हता आणि त्यांनी मागितलाही नव्हता.

धाकटा भाऊ गेणबा मात्र कित्येक जत्रांना आला नव्हता. तो दौंड तालुक्यातल्या राहू गावी सासरच्या जमिनीवर राहतो. तो येत नाही म्हणून आप्पांचा मुलगा रोहिदास मोटरसायकलवर प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी आणायचा आणि देवळाच्या मागं घागरीत ओतायचा. देवानं कधी तक्रार केली नाही.

भावाभावांचं फाटलं ते वडिलांच्या दहाव्याला, नदीच्या घाटावर. पिंड मांडला, कावळा शिवेना. मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, म्हणून घरचे एकेक पुढं होऊन शब्द देतात. आप्पा थोरले. त्यांनी शब्द दिला, आबा, मळा विकणार न्हाई. कावळा बाभळीवर बसून राहिला. आबा, देवाचा मान सोडणार न्हाई. कावळ्यानं पंख खाजवला. आबा, बहिणींना अंतर देणार न्हाई. ऊन चढलं, पाव्हणे घड्याळं बघू लागले. मग गेणबा पुढं झाला, पिंडापाशी वाकला, काही न बोलता मागं आला, आणि कावळा भर्रकन उतरला. सगळ्यांनी हुश्श केलं. आप्पांनी मात्र पिंडावर पिवळं काहीतरी पाहिलं. चिमूटभर भेळ होती, वर शेव.

"तू कावळ्याला लाच दिलीस," आप्पा चारचौघांत म्हणाले.

गेणबा तिथल्या तिथं म्हणाला, "दादा, आजपासनं तुझं माझं सुतक तुटलं."

आमच्याकडं भाऊबंदांत यापेक्षा मोठा शब्द नाही. सुतक तुटलं म्हणजे तू मेलास तर मी पाळणार नाही, मी मेलो तर तू पाळू नको. म्हणजे आपण एकमेकांचे कुणी नाही. आणि हे सगळं एका कावळ्यापायी.

जत्रा जवळ आली तशी आप्पांची झोप उडाली. त्यांनी स्वतःच कायदा केला होता, ज्याच्या आत राग तो विटाळलेला. नवनाथवरचा राग छपरात बसून उतरत होता. गेणबावरच्या रागाला त्यांनी आजवर छपरात आणलंच नव्हतं. आणून बसवला तर तो ताजातवाना निघाला, जसा काही कालच घाटावरून आला होता. एक दिवस बसले, दुसऱ्या दिवशी बसले. राग उतरेना.

शेवटी ते गुरवाकडं गेले. ज्योतिबा गुरव देवळाच्या पायरीवर घंटा घासत होता.

"ज्योतिबा, यंदा मी देवाला शिवणार न्हाई. मला विटाळ हाय."

"आप्पा, अंघोळ करून या की."

"ह्या विटाळाला अंघोळ न्हाई."

ज्योतिबानं घंटा खाली ठेवली. "मग रीतीपरमाणं मान धाकट्याकडं जाईल. गेणबाला सांगावा धाडू?"

आप्पांना हे सुचलंच नव्हतं. ते पायरीवर बसले. ज्याच्या रागापायी देव सोडायचा, देव त्याच्याच हातात जाणार. बरं, मन मारून कायदा मोडावा, तर मागं पोरं विचारणार, काय आप्पा, कावळा उडाला व्हय? पोरांचंही चाललं असतं. पण शेंदराचं बोट आपण खोटं लावून घेतलं हे त्यांना स्वतःला कळणार होतं, आणि स्वतःपासून लपायला परड्यात छप्पर नव्हतं.

"दोन दिस थांब," ते म्हणाले.

घरी आल्यावर धुरपदाबाईंनी सगळं ऐकलं. "तांब्याला राखेनं भागत न्हाई म्हणता ना? मग जा राहूला. घासून या."

दुसऱ्या दिवशी पहाटे अलीमचा छोटा हत्ती टेम्पो फुलं घेऊन पुण्याच्या मार्केटला निघाला, तेव्हा आप्पा धोतर सावरत पुढच्या सीटवर चढले. अलीमचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यानं आप्पांसाठी वाट वाकडी करायचं कबूल केलं होतं, पण मागं शेवंती होती आणि ऊन वर येत होतं, त्यामुळं त्याचं मन अर्धं आप्पांत आणि अर्धं शेवंतीत होतं.

"तुमच्यात कसं असतं रं?" न्हावरं गाव मागं पडल्यावर आप्पांनी विचारलं. "नमाजाच्या आधी हातपाय धुता, त्यात राग बी जातो का?"

"वजू म्हणतात त्याला, आप्पा. हात, तोंड, पाय. राग आला असंल तर करावा म्हणतात, थंड वाटतं."

"पुरता जातो?"

अलीमनं गिअर बदलला. "माझा भाऊ वजू करून आला की पुन्हा ताज्या दमानं भांडतो."

भीमेचा पूल ओलांडेपर्यंत आप्पा मनात एक वाक्य जुळवत होते. 'गेणबा, तू भेळ ठिवलीस, मी तुला माफ केलं.' लहान, गोड, थोरल्याला शोभणारं. पुलावरून जाताना त्यांना भरूनसुद्धा आलं.

गेणबा उसाला पाणी देत होता. भावाला बांधावर बघून त्यानं फावडं रोवलं.

"दादा? कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाई. मीच आलो."

गेणबानं बांधावर पोतं टाकलं. दोघं बसले. आप्पांनी जुळवलेलं वाक्य म्हटलं. म्हणून झाल्यावर त्यांनी भावाच्या डोळ्यांत पाणी येतंय का ते पाहिलं.

"माफ?" गेणबा म्हणाला. "मला? दादा, भेळ ठिवली म्हणून बापाचं काय वाटोळं झालं? आबा शिरूरच्या बाजारला कशाला जायचे? बैल बघायला? भेळ खायला जायचे. आजारपणात तीन येळा म्हणले, गेण्या, भेळ आण. तू म्हणलास, डाक्टरनी बंद केलीया. तुझ्या धाकानं आणली न्हाई मी. ती शेवटाला ठिवली. आन् तू पिंडापुढं भाषण करीत व्हतास. मळा, मान, बहिणी. आरं, त्याला भूक लागली व्हती."

गेणबाचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच आप्पांचा राग दुप्पट झाला. माफ करायला आलेला माणूस माफी मागायच्या जागी आला की त्याला बसायला पोतंही टोचतं.

"मग तवाच सांगायचं व्हतंस," आप्पा म्हणाले.

"तू लाच म्हणलास. चारचौघांत."

लांबून अलीमनं हॉर्न दिला. शेवंती सुकत होती. आप्पा उठले. जाता जाता, मागं न बघता म्हणाले, "जत्रंला देवाला अंघोळ तू घाल. मला विटाळ हाय."

"कसला?"

"तुझा राग हाय माझ्या मनात."

गेणबानं रोवलेलं फावडं उपटलं आणि पुन्हा तिथंच रोवलं.

जत्रेच्या सकाळी सनई सुरू झाली तेव्हा आप्पा छपरात होते. नवं धोतर तसंच घडी केलेलं घरात पडलं होतं. देवळाकडचा एकेक आवाज त्यांना ओळखू येत होता. आता दार उघडलं. आता जुनी फुलं काढली. आता घागरीची वाट बघतायत. त्यांनी आपली बोटं पाहिली आणि मुठी मिटल्या.

परड्यात पावलं वाजली. गेणबा आला होता, डोक्याला फेटा, हातात भरलेली तांब्याची घागर. घागर त्यानं दारापाशी अलगद ठेवली आणि तो छपरात शिरून आप्पांच्या शेजारी बसला.

"आरं, देऊळ तिकडं हाय," आप्पा म्हणाले.

"ठावं हाय. माझा बी राग गेला न्हाई. तुझा कायदा तुला लागू, तर मला बी."

"मग देवाला अंघोळ कोण घालणार?"

"ते थोरल्यानं बघायचं."

दोघे म्हातारे भेंडोळ्यांना टेकून बसले. सनई वाजत राहिली. धुरपदाबाई चुलीपुढून उठल्या, पदर खोचला आणि दारात आल्या. दोघांकडं त्यांनी नीट पाहिलं. मग भिंतीवरच्या दोन पाट्या काढून त्यांच्या पुढ्यात टाकल्या.

"उठा. पालखीच्या माळांचा झेंडू तोडायचा राहिलाय. सासूबाईंची रीत हाय, बाजूला बसलेल्यानं रानात जायचं."

"आन् देव?" आप्पांनी विचारलं.

"त्याला मी घालते अंघोळ."

"तू? तुझ्या मनात राग न्हाई कुणाचा?"

"हाय की. तुमचा. भावजींचा बी हाय, यवढी वर्षं जाऊबाईचं त्वांड दिसू दिलं न्हाई तुम्ही दोघांनी." त्यांनी घागर उचलून कमरेवर घेतली. "पर राग आला म्हणून मी कवा सैपाक सोडला न्हाई. देवाला कशाला सोडू?"

"आमच्या हातची फुलं देवाला कशी चालतील?" आप्पांचा शेवटचा प्रयत्न.

"जत्रंतल्या दुकानात घडीभर मांडून ठिवते. बाजारात गेली की शुद्ध. तुमच्याच पुस्तकात हाय."

त्या गेल्या. ज्योतिबा गुरव आधी दारात आडवा झाला, असं नंतर कळलं. पण सगळं गाव अंघोळीवाचून ताटकळलेलं, मानकऱ्याच्याच घरची घागर, आणि ती घेऊन उभी धुरपदाबाई. तो बाजूला झाला. बाजूला होताना त्यानं नियम आठवायचा प्रयत्न केला, पण सनईत त्याला काही आठवलं नाही.

इकडं दोघं भाऊ झेंडूच्या सऱ्यांत उतरले. आधी दोन टोकांना. ऊन वाढलं, तशी सरीसरीनं माणसं जवळ येतात, तसे आले. आप्पांना खुडताना कळलं की कंबर मोडते, आणि आईनं बाजूला बसलेल्या बायांना याच कामाला धाडलं होतं. गेणबा मध्येच म्हणाला, "आबा भेळंत कच्चा कांदा घालू द्यायचे न्हाईत." आप्पा म्हणाले, "घालू द्यायचे. आईसमोर न्हाई म्हणायचे." त्यावर दोघांचा पुन्हा वाद झाला, चांगला सरीभर पुरला.

दुपारी बांधावर बसले. गेणबानं खिशातून पुडी काढली. भेळ होती, येताना शिरूरहून घेतलेली. कागद मध्ये पसरला आणि दोघं खाऊ लागले. बाभळीवरून एक कावळा उतरून समोर बसला. गेणबानं त्याच्याकडं शेव भिरकावली.

"लाच देऊ नगं त्याला," आप्पा म्हणाले, आणि स्वतःच्या घासातला शेंगदाणा त्यांनी कावळ्याकडं टाकला.

उन्हं कलल्यावर धुरपदाबाई पाट्या न्यायला आल्या. पदर अजून ओला होता, आणि उजव्या हाताची बोटं शेंदरानं लाल. आप्पांची नजर त्या बोटांवर गेली आणि तिथंच राहिली. आत काहीतरी हललं, हेव्यासारखं. आप्पांनी ते हलू दिलं.

"देव काय म्हणला?" त्यांनी विचारलं.

"म्हणला, पाणी गार हाय. कॅनमधलं बरं व्हतं."

गेणबा हसला. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "मग धुरपदे, फिटला का आमचा विटाळ?"

बाईंनी पाटी डोक्यावर घेतली, रानाच्या दुसऱ्या कडेला पाहिलं.

"ती बांधाकडंची सरी राहिलीया," त्या म्हणाल्या.

दोघं उठले.